हँडल उंच करताना

हार्ले-डेव्हिडसनसारख्या क्रूझरवर दिसणारी उंच ‘एप हँगर’ हँडलं १९६९च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने जगभर पोचवली. बदल एका नळीचा वाटतो, पण खरं काम नळीच्या आतबाहेर असतं. क्लचची केबल, पुढच्या ब्रेकचा होज, स्विचच्या वायरी हे सगळं मूळ उंचीपुरतंच दिलेलं असतं. उंची बरीच वाढली की तेही जास्त लांबीचं घ्यावं लागतं. अ‍ॅक्सिलरेटरची केबलही त्यातच आली. मात्र २००८पासूनच्या टूरिंग हार्लेंना ती नाहीच, तिथे सेन्सरची वायर वाढवायची. हँडलच्या पोटातून वायरी ओवणं हे सर्वांत किचकट काम, आणि घाई होते ती नेमकी इथेच. वायरी जातात त्या भोकाची धार घासून गुळगुळीत केली नाही, तर वायरीचं आवरण सोलतं आणि शॉर्टसर्किट होतं.

होज बदलला की ब्रेकमधली हवा काढणं आलंच. अलीकडच्या हार्लेंत डॉट ४ ऑइल असतं, जुन्या अनेकींत सिलिकॉनचं डॉट ५. दोन्ही एकत्र करू नयेत. मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेलं वाचावं. मग इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवावं. रेस आपोआप वाढली, तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे.

कायदाही पाहावा. कॅलिफोर्नियात सीटवर बसलेल्या चालकाचे हात खांद्यापेक्षा ६ इंचांहून वर गेलेले चालत नाहीत. भारतात वाहनातील बदलांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. हँडल मागवण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.