डाळगिरणीतील जाणता कारागीर टिकावा कसा?

आमच्या धान्यबाजारात हमालाची मजुरी पोत्यावर ठरते व मुनिमाचा पगार विश्वासावर. डाळगिरणी चालविणारा कारागीर या दोन्ही मापांत मावत नाही. एमरीचे रोल किती आवळावे, तुरीला तेलपाणी किती द्यावे, बाजार ज्यास सरसकट सॉर्टेक्स म्हणतो त्या रंग पारखणाऱ्या यंत्राची नजर किती तीक्ष्ण ठेवावी, हे त्याच्या हाती असते. नजर अति तीक्ष्ण ठेवली की चांगली डाळ रद्दीत उडते, सैल ठेवली की डागी दाणा पोत्यात जातो व माल परत येतो.

प्रथम हिशेब करावा. रोज 100 क्विंटल तूर भरडणाऱ्या गिरणीत उतारा 1 टक्क्याने घसरला, तर रोज 1 क्विंटल डाळ चुरीच्या भावाने जाते. 25 दिवसांत 25 क्विंटल. दोन्ही भावांतील अंतराने हा आकडा गुणावा आणि त्याशेजारी कारागिराने मागितलेली वेतनवाढ मांडावी. बहुतेक पेढ्यांवर हे दोन आकडे एका कागदावर कधी येतच नाहीत.

वेतनाने माणसे टिकतात काय, अशी शंका असणाऱ्यांसाठी एक जुना दाखला. अमेरिकेतील फोर्ड मोटारीच्या कारखान्यात 1913 साली सुमारे 14,000 जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षभरात 52,000 च्या वर माणसे नेमावी लागली. जानेवारी 1914 मध्ये रोजचा मोबदला 5 डॉलर, म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून अधिक, व काम 8 तासांचे केले. गळती झपाट्याने घटली. मात्र त्या रकमेचा एक भाग नफ्याचा वाटा म्हणून होता व तो देण्यापूर्वी कामगाराच्या घरची राहणी तपासली जाई. हा भाग आम्हांस अनुकरणीय वाटत नाही.

मूळ वेतन शेजारच्या गिरणीच्या बरोबरीचे ठेवल्यावर इनामाचा विचार करावा. येथे घाई नडते. केवळ क्विंटलवर इनाम लावले, तर कारागीर यंत्रात माल लोटतो, तुकडा वाढतो व रोल लवकर झिजतात. केवळ उताऱ्यावर लावले, तर ओलसर किंवा बारीक दाण्याच्या तुरीचा दोष त्याच्या माथी येतो. ती तूर खरेदी केली आपण! म्हणून प्रत्येक ढिगाचा नमुना भरडण्यापूर्वी त्याच्यासमक्ष पाहावा, अपेक्षित उतारा व तुकडा दोघांनी मिळून वहीत लिहावा आणि त्यावर जे साधेल त्याचे इनाम द्यावे. वही त्याला केव्हाही पाहता यावी. हिशेब झाकलेला असेल, तर इनाम कितीही मोठे असो, त्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

इनामाची वेळही महत्त्वाची. सारी रक्कम दिवाळीस दिली की पुष्कळ कारागीर ती घेऊन निघतात, आणि तुरीचा हंगाम तर पुढे असतो. अर्धे दिवाळीस व अर्धे हंगाम आटोपल्यावर अक्षय्यतृतीयेस द्यावे. कायद्याने देय असलेला बोनस यात मिसळू नये. ते आपले औदार्य नव्हे. तसेच 5 वर्षांच्या नोकरीनंतर मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचा आकडा दरवर्षी त्यास लिहून द्यावा. टिकून राहण्याचा लाभ डोळ्यांना दिसावा लागतो.

उचल देऊन माणूस बांधण्याची रीत आमच्या बाजारात जुनी आहे. पण नवा धनी एका दुपारी ती उचल फेडतो व कारागिरास घेऊन जातो. हाताशी उरते ती फक्त भरपाईची पावती.

राहता राहिला शागिर्द. कसबी मिस्त्री सहसा दुसऱ्यास शिकवीत नाहीत, कारण शिकलेला स्वस्त हात उद्या आपलीच जागा घेईल ही त्यांची भीती खोटी नसते. तेव्हा शिकविण्याचे इनाम वेगळे ठेवावे: शागिर्दाने एक पूर्ण ढीग एकट्याने, ठरलेल्या उताऱ्यात काढून दाखविला की मिस्त्रीस ठरलेली रक्कम त्याच आठवड्यात द्यावी, आणि त्याचे वेतन शागिर्दामुळे कमी होणार नाही हे आधीच लिहून द्यावे.