निकाल दिल्लीत, नोंद ठाण्यात

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये नगावर मजुरी घेऊन जीन्स शिवणाऱ्या कारागिराला अमेरिकेतील न्यायालयीन वादाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारले तर तो प्रश्न वरवर पाहता रास्तच वाटेल. २७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे मत दिले की, कनिष्ठ संघीय न्यायालयांनी सरकारी आदेशांना देशभर सरसकट मनाई करणे हे बहुधा त्यांच्या अधिकाराबाहेरचे आहे. दाद मागणाऱ्याला दिलासा मिळावा, पण साऱ्या देशाला नव्हे, असा त्याचा मथितार्थ. न्यायालयाचा शब्द किती दूरवर चालावा, हा त्या वादाचा गाभा आहे.

भारतीय राज्यघटनेने, निदान सर्वोच्च न्यायालयापुरता, हा प्रश्न आधीच निकालात काढला आहे. या न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे, असे १४१वा अनुच्छेद सांगतो. तर सर्व मुलकी व न्यायिक अधिकाऱ्यांनी त्या न्यायालयाला साह्यभूत होऊन वागावे, असे १४४वा अनुच्छेद सांगतो. तत्त्वतः यात उणे काहीच नाही. परंतु दिल्लीत उच्चारलेला शब्द पोलीस ठाण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो काय? कॅम्प पाचच्या कारागिराचा संबंध येतो तो इथे.

पालघर ते दिल्ली

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. तो वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर नापसंतीचे चार शब्द लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. जमावाने एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. पुढे जनमताचा रेटा वाढला, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि यथावकाश प्रकरणही बंद करण्यात आले.

या अटकेत वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ २००९ च्या ऑक्टोबरपासून अमलात होते. कोणाला ‘त्रास’ वा ‘गैरसोय’ व्हावी अशा हेतूने पाठविलेल्या खोट्या संदेशासही त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. त्याची शब्दयोजना ब्रिटिश कायद्याशी नाते सांगणारी होती. त्या देशातही २०१० मध्ये एका तरुणाला विमानतळ उडवून देण्याच्या थट्टेच्या संदेशाबद्दल दोषी ठरविण्यात आले. दोन वर्षांनी उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. नोकरी मात्र आधीच गेली होती.

पालघरच्या घटनेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांनी हे कलम घटनाबाह्य ठरविले. चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे या तीन भिन्न गोष्टी आहेत; पहिल्या दोन कोणाला कितीही झोंबल्या तरी त्या स्वातंत्र्याच्या कक्षेत येतात, असा त्या निकालाचा आशय होता.

तळटिपेतले स्वातंत्र्य

निकालाने कलम मेले. पण पोलीस ठाण्यांत ते जिवंतच राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालये व मुख्य सचिवांना पाठविण्याचा आदेश द्यावा लागला. तरीही जुलै २०२१ मध्ये नागरी हक्क संघटनेने न्यायालयापुढे जी आकडेवारी ठेवली तीत निकालानंतर नोंदलेल्या गुन्ह्यांत महाराष्ट्र अग्रस्थानी होता : ३८१ प्रकरणे! न्यायमूर्तींनी उघड धक्का व्यक्त केला. त्यावर महान्यायवाद्यांनी दिलेले स्पष्टीकरण मार्मिक होते. कायद्याच्या छापील पुस्तकात कलम जसेच्या तसे असते, ते रद्द झाल्याचे तेवढे तळटिपेत असते! अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, मूळ निकालानंतर साडेसात वर्षांनी, या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही, असे न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

यात केवळ पोलिसांचे अज्ञान पाहणे भाबडेपणाचे होईल. मे २०२२ मध्ये समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून एका मराठी अभिनेत्रीला ठाणे पोलिसांनी अटक केली आणि ती महिनाभराहून अधिक काळ कोठडीत राहिली. तेथे अन्य कलमे होती. २०१२ मध्ये राज्यात काँग्रेस व राष्ट्रवादीचे सरकार होते, २०२२ मध्ये महाविकास आघाडीचे. २०२३ मध्ये केंद्रातील भाजपप्रणीत सरकारने आपल्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याच कक्षाकडे घेतला. तो नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. पक्ष बदलले, सवय तीच राहिली.

बोलण्याची किंमत

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, राज्यघटनेने भाषण विनामूल्य ठेवले असले तरी गुन्ह्याच्या नोंदीने त्याला किंमत चिकटते; आणि ती प्रत्येकाला सारखी पडत नाही. नामांकित व्यक्तीच्या मागे वकिलांची फौज उभी राहते. नगावर मजुरी मिळविणाऱ्या कारागिराला मात्र न्यायालयातील प्रत्येक तारखेला दिवसाची कमाई गमवावी लागते. वकिलाची फी, जामीनदाराचा शोध, मुद्देमाल म्हणून जप्त झालेला मोबाइल आणि पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीत उपटणारी जुनी नोंद ही सारी त्या किमतीचीच अंगे. खटला निर्दोष सुटकेत संपला तरी ही रक्कम कोणी परत करीत नाही. उलट, चुकीची नोंद करणाऱ्याला सहसा कवडीचीही तोशीस लागत नाही. ज्या व्यवहारात एका पक्षाची चूक फुकट असते आणि दुसऱ्याने मात्र सारा भुर्दंड सोसायचा असतो, तेथे चुका वाढणारच. शहाणा माणूस मग आकडेमोड करून गप्प बसतो. गल्लीतले तुंबलेले गटार असो की वालधुनीचे रंगीत पाणी, त्याविषयी बोलावयाचे तो टाळतो. या मौनाची नोंद कोणत्याही आकडेवारीत होत नाही. पण नगरपालिकेपासून मंत्रालयापर्यंतच्या कारभाराला तिचा तोटा होतोच.

ब्रिटन-अमेरिकेत न्यायालयांच्या अधिकाराविषयी चाललेले वाद म्हणूनच परके नाहीत. फरक इतकाच की, तेथे निकालाची व्याप्ती किती असावी यावर वाद आहे आणि येथे ती मान्य असूनही अंमल होत नाही.

२८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. बोलण्या-लिहिण्यावरून तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करणे उचित, असे त्याने सांगितले. ही चौकशी चौदा दिवसांत पुरी व्हावयाची असते. शहाणपणाचीच ही व्यवस्था आहे. पण तिचेही ६६-अ सारखे होऊ नये असे वाटत असेल, तर प्रत्येक ठाण्यात ती लेखी आदेश म्हणून लागली पाहिजे, आणि ती डावलणाऱ्याच्या सेवापुस्तकात त्याची नोंद झाली पाहिजे. चुकीला किंमत लागली की सवय बदलते.

कॅम्प पाचच्या हिललाइन पोलीस ठाण्यात रात्रपाळीला बसलेल्या अंमलदारापुढे तक्रार घेऊन जमाव उभा राहील, तेव्हा त्याच्याजवळ ना सरन्यायाधीश असतील, ना घटनातज्ज्ञ. असेल ती फक्त एक नोंदवही. त्या घटकेला तो जे लिहील, तोच त्या वस्तीपुरता सर्वोच्च न्यायालयाचा निकाल.