कोन्याकच्या बाटलीवरचं ‘व्हीएसओपी’ नेमकं काय सांगतं?

मी राहतो नेऱ्यात, कामाला हिंजवडीच्या आयटी पार्कात. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक फोटो येतोच. कुणीतरी ऑनसाइटहून परतताना ड्यूटी-फ्रीच्या रॅकसमोर उभा असतो आणि विचारतो, “व्हीएसओपी घेऊ की एक्सओ? पटकन सांगा, बोर्डिंग सुरू झालंय!” मग सगळे बाटलीचा आकार आणि किंमत बघून सल्ले देतात. लेबल कुणीच वाचत नाही.

(आधीच सांगतो, महाराष्ट्रात ब्रँडीसाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवानाही लागतो. त्याआधी फक्त वाचा.)

कोन्याक ही ब्रँडीच, पण पश्चिम फ्रान्समधल्या कोन्याक गावाच्या ठरवून दिलेल्या परिसरातच बनलेली. तिथे मुख्यतः ‘युन्यी ब्लाँ’ या द्राक्षाची पातळ, आंबट वाइन करतात आणि तांब्याच्या भट्टीत ती दोनदा ऊर्ध्वपातित करतात. हातात येतं ते पाण्यासारखं पारदर्शक, साधारण ७० टक्के अल्कोहोलचं द्रव्य. पुढचं काम ओक लाकडाच्या पिंपाचं. रंग, व्हॅनिलासारखा वास, तोंडातला मऊपणा हे बरंचसं लाकडातून येतं. दरवर्षी साधारण २ टक्के माल हवेत उडून जातो. फ्रेंच लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. जुनी कोन्याक महाग का, याचं एक उत्तर तिथेच आहे.

आता ती अक्षरं. व्हीएस म्हणजे पिंपात किमान २ वर्षं, व्हीएसओपी ४, नेपोलियन ६, एक्सओ १० आणि एक्सएक्सओ १४. बाटलीत अनेक पिंपांचं मिश्रण असतं आणि हा आकडा त्यातल्या सगळ्यात तरुण घटकाचा. आपल्या भाषेत, हे ॲव्हरेज नाही, मिनिमम फंक्शन आहे. व्हीएसओपीत वीस वर्षांचा मालही असू शकतो, पण अक्षरांवरून ते कळणार नाही. शिवाय एक्सओची अट २०१८ मध्ये ६ वरून १० वर गेली. त्यामुळे त्याआधी भरलेली एक्सओ आणि आजची एक्सओ एकच असं धरू नका.

आणि बाटलीत भरली की वय थांबतं. काचेतून काहीच मुरत नाही. काकांनी १९९५ साली आणलेली व्हीएसओपी शोकेसमध्ये तीस वर्षं मिरवली तरी ती व्हीएसओपीच!

रंगावर तर अजिबात जाऊ नका. रंग सारखा दिसावा म्हणून कॅरॅमल आणि थोडी साखर घालायला परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी, हे समीकरण तिथेच संपलं. त्यापेक्षा ‘ग्रांद शांपान्य’ हे शब्द शोधा. याचा फसफसणाऱ्या शॅम्पेनशी संबंध नाही. ही कोन्याकमधलीच चुनखडीची जमीन, आणि तिथला माल सावकाश, दीर्घकाळ मुरतो. ‘फीन शांपान्य’ लिहिलं असेल तर त्यात निम्मा तरी माल तिथला असतो, उरलेला शेजारच्या ‘पतीत शांपान्य’चा.

आपल्या दुकानातल्या ‘इंडियन ब्रँडी’ची गोष्ट वेगळी. नियमाने त्यात द्राक्षाची ब्रँडी २ टक्के असली तरी चालतं. बाकी बहुधा मळीचं स्पिरिट, म्हणजे उसाचं. नाशिकच्या सुलाची ‘जॅनस’ मात्र द्राक्षाची आहे. फरक समजून घ्यायचा तर सुरुवात तिथून करता येईल. आणि सर्दीवर चमचाभर ब्रँडी? ऊब वाटते, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. शरीर उलट उष्णता गमावतं. तान्ह्या बाळाला तर थेंबभरही नको, आजी कितीही म्हणाली तरी.

चव घेताना ट्यूलिपच्या आकाराचा छोटा ग्लास आणि थोडीशीच कोन्याक पुरे. सिनेमातल्यासारखा मोठा गोल ग्लास तळहातावर गरम करत बसलात तर नाकाला आधी अल्कोहोलच झोंबेल. नाक ग्लासात खुपसू नका, जरा वरूनच वास घ्या. तरुण कोन्याकमध्ये फळं-फुलं जाणवतात. खूप मुरलेलीत अक्रोड, चामडं, ओल्या मातीतल्या अळंबीसारखं काहीतरी. याला ‘रांसिओ’ म्हणतात आणि माझ्या मते एक्सओचे जादा पैसे द्यायचे ते यासाठीच. कोलात ओतायची असेल तर व्हीएस घ्या, एक्सओ वाया घालवू नका.

आणताना प्रत्येक प्रवाशाला २ लिटरपर्यंतच सूट आहे. घरी बाटली उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खराब करतं. अर्धी झाली की आत हवा वाढते आणि काही महिन्यांत वास उतरू लागतो, तेव्हा पुढच्या गटारीसाठी राखून ठेवायची असेल तर छोट्या बाटलीत काढून घ्या.