डब्यावरचा इंग्रजी शब्द फोडून वाचा

तणनाशकाच्या डब्यांवर दोन शब्द हमखास आढळतात. एक प्री-इमर्जन्स आणि दुसरा पोस्ट-इमर्जन्स. मागचा भाग दोन्हींत सारखाच. फरक काय तो पुढच्या तीन-चार अक्षरांचा. पण या अक्षरांवर एका हंगामाची खुरपणी अवलंबून असते. सोयाबीनमधले पेंडिमेथॅलिन हे प्री-इमर्जन्स आहे. पेरणी झाल्यावर, पीक व तण उगवण्याआधी, ओल असताना ते जमिनीवर फवारायचे. तण वीतभर वाढल्यावर तेच मारले तर तण जागचे हलत नाही, पैसा मात्र जातो. इमॅझेथापायर याच्या उलट. ते उगवून आलेल्या कोवळ्या तणावर मारायचे. डब्याबरोबर माहितीपत्रक असते, ते वाचावेच. पण पुष्कळदा ते दुकानातच राहते आणि बांधावर हाताशी उरतो तो डब्यावरचा इंग्रजी शब्द.

हा शब्द पाठ करण्यापेक्षा फोडून पाहावा. इंग्रजीतले असे बरेच शब्द लॅटिन या जुन्या भाषेतून आले आहेत आणि त्यांना आपल्यासारखेच उपसर्ग लागतात. प्री म्हणजे आधी. पोस्ट म्हणजे नंतर. (टपालाचे पोस्ट वेगळे बरे का!) पोस्टमॉर्टेम हा शब्द गावात कोणाला ठाऊक नाही? मॉर्टेम म्हणजे मृत्यू. मृत्यूनंतरची तपासणी ती पोस्टमॉर्टेम. आता राहिला इमर्जन्स. म्हणताना त्याचे तीन तुकडे पडतात: इ, मर्, जन्स. पहिला 'इ' हा 'एक्स' या उपसर्गाचे आखूड रूप, अर्थ बाहेर. पुढच्या भागाचे मूळ बुडणे या अर्थाचे आहे. बुडालेले बाहेर येणे, म्हणजे जमिनीतून कोंब वर येणे. गंमत अशी, की आपल्या विहिरीतला सबमर्सिबल पंप याच मुळाचा. सब, मर्, सि, बल अशा चार फोडी करा. सब म्हणजे खाली. पाण्याखाली बुडवता येतो तो सबमर्सिबल.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. सबइन्स्पेक्टरला आपण उपनिरीक्षक म्हणतो, तिथे 'सब'चे काम 'उप' करतो. इंटरक्रॉप म्हणजे आंतरपीक. इंटर आणि अंतर हे तर एकाच कुळातले शब्द आहेत. को-ऑपरेटिव्हमधला 'को' म्हणजे सह, आणि आपण म्हणतो सहकारी. शाळेतली मुले हा शब्द कधी 'कूपरेटिव्ह' असा वाचतात, कारण त्यात दोन 'ओ' शेजारी येतात. पहिली फोड 'को' इथे केली की चूक होत नाही.

एक्स्पायरीची तारीख आपण सगळेच पाहतो. 'अमके एक्स्पायर झाले' असेही बोलताना सहज म्हणतो. एक्स म्हणजे बाहेर आणि पुढचा भाग श्वासाचा. श्वास बाहेर गेला, संपले. माणसाचेही तसेच, औषधाचेही तसेच.

सर्वांत फसवा उपसर्ग म्हणजे 'इन'. त्याचे अर्थ दोन, एक 'नाही' आणि दुसरा 'आत'. इनऑर्गॅनिक म्हणजे सेंद्रिय नसलेले, इथे तो नकारार्थी. पण डिझेलच्या टँकरवर इन्फ्लेमेबल असे लिहिलेले असते, तिथे 'न पेटणारे' असा अर्थ कोणी घेतला तर अनर्थच! तिथला 'इन' नकार देत नाही. शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारे असाच आहे. 'इन' काढून नुसते फ्लेमेबल लिहिले तरी अर्थ तोच. हा शब्द असलेल्या डब्याजवळ विडी ओढू नये, चुलीपाशी तो डबा ठेवू नये. याउलट 'नॉन' हा सरळ स्वभावाचा, तो नेहमी 'नाही' म्हणतो. सिलेक्टिव्ह तणनाशक निवडक वनस्पतींवर चालते. नॉन-सिलेक्टिव्ह, जसे ग्लायफोसेट किंवा पॅराक्वाट, ते तण व पीक असा भेद करत नाही. 'नॉन' वाचायचा राहिला तर उभे पीक हातचे जाते.

घरातल्या दहावीच्या मुलामुलींना या फोडींचा आणखी एक उपयोग आहे. इरिगेशनच्या स्पेलिंगमध्ये 'आर' दोनदा का, हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. मूळ उपसर्ग 'इन', अर्थ आत. शेतात पाणी आत नेणे. पुढे 'आर' आला म्हणून 'इन'चा 'इर्' झाला. इर्, रि, गे, शन. एक 'आर' उपसर्गाचा, एक मूळ शब्दाचा. अकाउंटमध्ये दोन 'सी' आणि अ‍ॅप्लिकेशनमध्ये दोन 'पी' येतात, तेही असेच. तिथे 'अ‍ॅड' हा उपसर्ग पुढच्या अक्षरात मिसळून गेला आहे. कमिटीत दोन 'एम' याच न्यायाने. संस्कृतातल्या संधीसारखाच हा प्रकार आहे.

मात्र दिसेल तिथे उपसर्ग शोधू नये. मोटार रिपेअर करतो त्यात 'रि' म्हणजे पुन्हा, पुन्हा ठाकठीक करणे. पण गहू कापायच्या रीपरचा आरंभ त्याच दोन अक्षरांनी होत असला तरी तिथे उपसर्ग मुळीच नाही. तो इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द, कापणे या अर्थाचा.

वहीत ओळ संपत आली आणि शब्द तोडावा लागला, तर उपसर्ग अखंड ठेवावा. इंटरक्रॉप म्हणताना तीन तुकडे पडतात, तरी ओळीच्या शेवटी 'इंटर' लिहून आडवी रेघ द्यावी आणि 'क्रॉप' खाली घ्यावे. ट्रान्सप्लांटमध्ये वरच्या ओळीत 'ट्रान' आणि खालच्या ओळीत 'स्प्लांट' असे करू नये. ट्रान्स म्हणजे पलीकडे, प्लांट म्हणजे लावणे. गादीवाफ्यावरचे भाताचे रोप उपटून पलीकडच्या खाचरात लावायचे, ती आपली लावणी.