परसातल्या कोंबड्या आणि आपण

उसाचं बिल हप्त्याने येतं. मीठ-मिरचीला धावून येते ती परसातली कोंबडी. आमची बहीण द्रोणागिरीला दिली आहे. वसाहत वाढली, तरी तिच्या दारी आठ-दहा गावठी कोंबड्या आहेतच. जानेवारी २०२५ मध्ये त्याच उरण तालुक्यात, चिरनेरला, घरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला. बाई घाबरली, कोंबड्या डालग्यात घालून आमच्याकडे धाडते म्हणाली. आम्ही साफ नको म्हटलं. रोग असाच गावोगाव हिंडतो.

मरतूक दिसली की आपण मानमोडी म्हणून सोडून देतो. मानमोडीला लस आहे, ती वेळेवर टोचून घ्यावी. पण पटापट मरू लागल्या तर ओढ्यात फेकू नका, गुरांच्या दवाखान्यात त्याच दिवशी वर्दी द्या. सरकारी पथकाने मारलेल्या कोंबडीची भरपाई मिळते, आधीच मेलेलीची नाही.