हीटर थंड पडला? आधी इंजिनाकडे बघा

मंडळी, आमच्या माधवनगरची थंडी फसवी असते. दुपारी फ्रीगंजच्या बाजारात स्वेटर हातावर घेऊन फिरावे लागते आणि जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. अशा पहाटे आई-बाबांना डॉक्टरकडे इंदूरला न्यायचे असेल, तर त्या सुमारे 55 किलोमीटरच्या रस्त्यावर गाडीचा हीटर ही चैन राहत नाही. धुक्यात समोरच्या काचेवरची वाफही त्याच्याच मदतीने जाते.

पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक गाड्यांत हीटरसाठी वेगळी उष्णता तयार केली जात नाही. इंजिन थंड ठेवणारे कूलंट साधारण 90 अंशांपर्यंत तापते. त्यातले थोडे डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरते आणि पंखा ती ऊब आत ढकलतो. म्हणून हीटर बिघडला, तर इंजिनाची तब्येतही बघायला हवी.

मी सॉफ्टवेअरवाला. प्रोग्राम अडला की आम्ही एकेक शक्यता बाद करत जातो. इथेही तेच करायचे.

आधी पाहा, हवा येते का? अजिबात येत नसेल, तर फ्यूज किंवा पंख्याची मोटर तपासा. पंखा फक्त सर्वात मोठ्या वेगावर चालत असेल, तर बहुधा रेझिस्टर गेलेला असतो. हे खर्च तुलनेने किरकोळ.

हवा येते पण गार? मग तापमानाचा काटा बघा. बराच वेळ गाडी चालवूनही तो वर येत नसेल, किंवा काटा नसलेल्या गाडीत निळा दिवा विझत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असू शकतो. काटा ठीक असेल, तर कूलंट कमी असणे, आत हवा अडकणे, हीटर कोअर तुंबणे किंवा गरम-गार हवेची झडप अडकणे, यांपैकी काहीतरी. आणि काटा लाल खुणेकडे सरकत असताना हवा गारच असेल, तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तसेच पुढे गेलात, तर इंजिन बसू शकते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गाडीत काटा जागेवर होता, पण हवा गार. इंजिन थंड झाल्यावर पाहिले, तर टाकीतले कूलंट खालच्या खुणेच्याही खाली. मेकॅनिकला पाइपच्या क्लॅम्पपाशी बारीक गळती सापडली. क्लॅम्प बदलला, कूलंट भरले, अडकलेली हवा काढली आणि ऊब परतली. दोन दिवसांनी आईला घेऊन इंदूरला जायचे होते. हीटरने वेळेवर सांगितले म्हणायचे!

दोन गोष्टी लक्षात ठेवा. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उकळते कूलंट अंगावर उडते. आणि कूलंटऐवजी नळाचे पाणी भरत राहू नका. त्यातले क्षार हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत साचतात. कूलंट विषारी असते, चवीला गोडसर असल्यामुळे मुलांपासून आणि प्राण्यांपासून लांबच ठेवा.

दिवाळीचा फराळ संपला की एका सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, कूलंटची टाकी बघून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.