तमाशासम्राज्ञी विठाबाई

पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि मीना नदीचा प्रवाह शोधून काढा. नारायणगावाजवळून वाहत ती पुढे घोड नदीस मिळते. घोड नदी शिरूरच्या कडेने वाहत जाते आणि भीमेच्या पात्रात विसावते. भीमा दौंड मागे टाकून पंढरपुरास पोहोचते आणि तेथे चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. पाण्याच्या या लांबलचक वाटेच्या दोन्ही टोकांशी एका थोर कलावतीचे नाते होते. तिचा जन्म पंढरपूरचा आणि घराणे नारायणगावचे. तिचे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली झाला. विठुरायाच्या नगरीत जन्मलेल्या या मुलीचे नाव विठा ठेवण्यात आले. घरात कला पिढीजात होती. आजोबा नारायण खुडे यांनी तमाशाचा फड उभा केला, आणि वडील भाऊ व चुलते बापू यांनी तो नावारूपास आणला. हे घराणे मातंग समाजातील. त्या काळी या समाजाला गावकुसाबाहेर राहावे लागे. गावाची रीत पाहा कशी विपरीत होती! ज्यांना गाव दूर ठेवी, त्यांच्याच हलगीवाचून गावाची जत्रा पुरी होत नसे.

विठा शाळेत फारशी रमली नाही. तिचे खरे शिक्षण फडातच झाले. कोणी गुरूने समोर बसवून तिला धडे दिले नाहीत. वडीलधाऱ्यांचे ऐकावे, पाहावे आणि रात्री प्रेक्षकांपुढे ते करून दाखवावे, हीच तिची शाळा. लहान वयातच तिने पायांत चाळ बांधले.

तमाशा म्हणजे नुसता नाच, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. तमाशाला स्वतःची शिस्त आहे. प्रथम गण, म्हणजे गणपतीचे स्तवन. मग गौळण, तीत श्रीकृष्ण, पेंद्या व मावशी यांचे खुसखुशीत संवाद असतात. त्यानंतर लावण्या, आणि अखेरीस वग, म्हणजे गाण्यांनी गुंफलेले नाटक. ढोलकी ताल धरते, हलगी तिला जोर देते आणि तुणतुणे सूर धरून ठेवते. तुणतुण्याची रचना किती साधी! एक पोकळ लाकडी नळकांडे, त्याचे बूड कातड्याने मढवलेले, बाजूला एक काठी, आणि बुडापासून काठीवरच्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. पण मुख्य गायकाने ओळ सोडली, झीलकऱ्यांनी ती उंच स्वरात उचलली आणि मागे ती एकच तार झणझणत राहिली, की हजारो माणसे तल्लीन होतात.

तमाशाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एक संगीत बारीचा. त्याची कलाकेंद्रे दौंड तालुक्यातील चौफुल्यास पाहावयास मिळतात. दुसरा ढोलकी-फडाचा. हे फड गावोगाव फिरतात आणि नारायणगाव हे त्यांचे मोठे ठाणे आहे. चैत्र-वैशाखातील जत्रा जवळ आल्या, की तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात. सुपारी देणे म्हणजे खेळ ठरवणे.

फडाचे जीवन कष्टाचे असते. रात्रभर खेळ करावा, पहाटे तंबू आणि कनाती उतरवाव्यात, सामानावरच बसून पुढचे गाव गाठावे, आणि संध्याकाळी पुन्हा तोंडाला रंग लावावा. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत हे चक्र थांबत नाही. पावसाळ्यात खेळ बंद पडतात, पण पोट बंद ठेवता येत नाही. मग कर्ज काढावे लागते, आणि पुढच्या हंगामाची मिळकत ते फेडण्यात जाते.

अशा जीवनात विठाबाईंनी आपल्या कलेचे तेज कधी मंद होऊ दिले नाही. त्यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. त्या गरोदर होत्या आणि दिवस भरले होते. तरीही ठरलेला खेळ चुकवणे त्यांना मान्य नव्हते. खेळ रंगात आला असतानाच कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या. तेथेच त्यांचे बाळ जन्मास आले. जवळ काही साधन नव्हते, म्हणून त्यांनी दगडाने नाळ तोडली आणि त्या उरलेला खेळ पुरा करण्यास उभ्या राहिल्या. खरी हकिगत कळताच प्रेक्षक थक्क झाले. त्यांनी खेळ थांबवला आणि बाईंना विश्रांती घेण्याची विनंती केली. या प्रसंगाचा अभिमान वाटतो, हे खरे. पण त्याबरोबर एक प्रश्नही मनात यावयास हवा. अशा अवस्थेतही जिला रंगमंचावर उभे राहावे लागले, तिच्या मागे संसाराची आणि फडाची केवढी ओढ असेल!

विठाबाईंना मान मिळाला नाही असे नाही. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. लोकांनी त्यांना ‘तमाशासम्राज्ञी’ ही पदवी दिली.

दूर अमेरिकेतही लोकांनी एका गायिकेला असेच सम्राज्ञीपद दिले होते. त्या देशाच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय लोकांना पिढ्यान्‌पिढ्या गुलामगिरीत राबावे लागले. गुलामगिरी कायद्याने संपली तरी दारिद्र्य आणि अपमान संपला नाही. त्या दुःखातून त्यांचे ‘ब्लूज’ नावाचे गाणे जन्मास आले. त्याचा घाट आपल्या लोकगीतांसारखाच साधा असतो. पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यावयाचे. गायकाची ओळ संपली, की गिटार तिला जबाब देते. जणू आपले झीलकरीच!

या गाण्याची सम्राज्ञी बेसी स्मिथ. तिचा जन्म १८९४ मधला. आईबाप लवकर वारले. ती रस्त्यावर गाई आणि तिचा भाऊ गिटार वाजवी. त्यावर मिळतील ती नाणी घरखर्चाला लागत. पुढे ती फिरत्या मंडळीत शिरली. १९२३ मध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. तीही तंबूत खेळ करीत गावोगाव हिंडे. १९३७ मध्ये मोटारीच्या अपघातात तिचा अंत झाला. तिच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. पण तिच्या थडग्यावर नावाचा दगड काही बसला नाही. तो बसण्यास १९७० साल उजाडावे लागले. त्या दगडाचा खर्च दोन स्त्रियांनी दिला. एक होती तरुण गायिका जॅनिस जॉप्लिन, आणि दुसरी हुआनिता ग्रीन. तिने लहानपणी बेसीच्या घरी काम केले होते.

सम्राज्ञीच्या थडग्यावर तेहेतीस वर्षे नावसुद्धा नसावे, हे ऐकून आपण हळहळतो. पण आपण तरी काय केले? विठाबाईंचा उत्तरकाळ आर्थिक विवंचनेत गेला. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या आजारपणातील रुग्णालयाचे देणे देणगीदारांच्या मदतीतून फेडावे लागले. ज्यांच्या एका गाण्यावर पैशांचा पाऊस पडत असे, त्यांच्या औषधाला पैसा उरला नव्हता.

पुढे महाराष्ट्र शासनाने विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. २००६ पासून तो तमाशाच्या क्षेत्रातील ज्येष्ठ कलावंतांना देण्यात येतो. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी आईचा वारसा चालवला आणि त्यांनाही हा पुरस्कार मिळाला. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर हेही त्याचे मानकरी ठरले. १९४७ साली जन्मलेल्या या शाहिरांनी तमाशा-फडांसाठी गाणी आणि वग लिहिले. २०२१ मध्ये ते निवर्तले. ज्या फडात विठा नावाची मुलगी अक्षरांपेक्षा गाण्यात रमली, त्या कलेच्या जगात तिचे नाव आज सन्मानपत्रावर छापले जाते.

आमच्या लहानपणी तमाशाचे नाव काढले, की घरची मोठी माणसे नाक मुरडत आणि रात्री तीच माणसे कनातीच्या आत पुढची जागा धरून बसत. कलेचा आनंद घ्यावयाचा आणि कलावंताला कमी लेखावयाचे, हा दुटप्पीपणा तुमच्या पिढीने टाकून द्यावा. टाळी ही कलेची पावती आहे. तिने कलावंताची चूल पेटत नाही. पुढच्या जत्रेत तुमच्या गावी फड येईल. दुपारी राहुट्यांपाशी तुमच्याच वयाची मुले खेळताना दिसतील. ती दर काही दिवसांनी गाव बदलतात, आणि त्यांची शाळा मागे राहते. त्यांना नाव विचारा, तुमच्या खेळात घ्या. तुणतुणे कसे वाजवतात, ते त्यांच्याकडून शिका आणि तुमचे पुस्तक त्यांना वाचावयास द्या. विठाबाईंचे देणे फेडण्यास तेथूनही आरंभ करता येईल.